मन लागंना, झोप येईना? अश्वगंधा-ब्राह्मी कितपत कामाची, दवाखाना कधी गाठायचा

धाराशिव : सोयाबीन पाण्यात गेलं, हप्ता थकला, पोरीचं लग्न तोंडावर आलं. अशा वेळी मन खचणारच. पण पंधरा दिवस उलटले तरी कशात मन लागत नाही, भूक-झोप गेली, सगळं ओझं वाटतंय, माणसांत जाऊ वाटत नाही, असं असेल तर ते नुसतं टेन्शन नाही. त्याला नैराश्य म्हणतात. तो आजार आहे, करणी-भानामती नाही आणि कमजोरीही नाही.

मोबाईलवर रोज एखादा व्हिडिओ येतो, 'हे चूर्ण घ्या, नैराश्य मुळापासून जाईल.' मीही एका वर्षी असंच चूर्ण आणून दोन महिने घेतलं. झोप थोडी सुधारली, पण पहाटे चारला जाग येऊन छातीत धडधड व्हायची ती काही थांबली नाही. घरच्यांनी ओढून दवाखान्यात नेलं तेव्हा फरक पडला. म्हणून कोणत्या वनस्पतीचं काय, ते एका जागी देतोय.

अश्वगंधा : आपल्याकडे आस्कंद, ढोरगुंज म्हणतात. पडीक रानात, बांधावर दिसते. ताण आणि झोपेसाठी थोडाफार फायदा होतो, असं काही लहान अभ्यासांत दिसलं आहे. नैराश्य बरं होतं, असा भक्कम पुरावा नाही. गरोदर बायांनी घेऊ नये. थायरॉईडची गोळी चालू असेल किंवा लिव्हरचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

ब्राह्मी : स्मरणशक्तीसाठी जुन्या काळापासून वापरतात. नैराश्यावर पुरावा कमी. काहींना मळमळ, जुलाब होतात.

केशर : सौम्य नैराश्यात उपयोग झाल्याचे काही छोटे अभ्यास आहेत. पण केशर महाग, त्यात भेसळ फार. शेतकऱ्याला परवडणारं नाही.

हळद : जेवणात चांगलीच. औषध म्हणून नुसती फाकली तर त्यातला गुणकारी अंश अंगात फारसा मुरत नाही.

सेंट जॉन्स वर्ट : ही परदेशी वनस्पती, ऑनलाईन मिळते. सौम्य नैराश्यात तिचा उपयोग दिसला आहे, पण ती इतर औषधांशी भांडते. गर्भनिरोधक गोळी, रक्त पातळ करणारी गोळी यांचा असर कमी करते. नैराश्याच्या गोळीसोबत घेतली तर धोका होऊ शकतो.

सर्पगंधा : हिच्यापासून सावध राहा. ही रक्तदाब कमी करते आणि मन उलट जास्त खचू शकतं. कुणाच्या सांगण्यावरून घेऊ नका.

लेबल नसलेलं चूर्ण, भस्म विकत घेऊ नका. काही भस्मांत शिसं, पारा सापडलेला आहे. आयुर्वेदच घ्यायचा तर शिकलेल्या वैद्याकडूनच घ्या. धाराशिवला शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे, तिथं दाखवता येतं. आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या त्यांना दाखवा.

बिनखर्चाचे उपाय

रोज अर्धा तास झपाझप चालणं, सकाळचं ऊन, ठरल्या वेळी झोपणं-उठणं, यानं सौम्य नैराश्यात खरंच फरक पडतो. 'आम्ही दिवसभर राबतोच की' असं आपण म्हणतो. पण मन खचलं की माणूस आधी रानात जायचंच बंद करतो. त्याला हाताला धरून बांधापर्यंत न्यायचं काम घरच्यांनी करावं.

दारू मात्र सोडाच. रात्री विसर पडल्यासारखं वाटतं, पण दारू झोप बिघडवते आणि नैराश्य वाढवते.

दवाखाना कधी?

पंधरा दिवसांपेक्षा जास्त त्रास असेल, कामधंदा सुटला असेल, तर थांबू नका. जगून काय उपयोग, माझ्यामागं तुमचं भलं होईल, असं कुणी बोललं तर ते हसण्यावारी नेऊ नका. सरळ विचारा, 'जीव द्यायचं मनात येतं का?' विचारल्यानं तसं मनात भरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. त्याला एकटं सोडू नका आणि फवारणीचं औषध कुलपात ठेवून चावी दुसऱ्याकडं द्या.

आपला जिल्हा शासनाच्या 'प्रेरणा प्रकल्पा'त आहे. शेतकऱ्यांच्या मनाच्या आजारासाठी २०१५ च्या सुमारास राज्यातल्या १४ जिल्ह्यांत तो सुरू झाला. आशाताई घरी येऊन प्रश्न विचारतात ते त्यासाठीच. खरं ते सांगा. त्यांच्याकडून किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातून जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात जाता येतं.

गोळी सुरू झाली तर असर दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. बरं वाटलं म्हणून मनानं बंद करू नका. चूर्ण घेत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा, लपवू नका.

फोनवर बोलायचं असेल तर टेलि-मानस १४४१६, २४ तास, मोफत, मराठीत. आरोग्य सल्ल्यासाठी १०४. हे दोन्ही नंबर आत्ताच मोबाईलमध्ये सेव्ह करा आणि भावकीच्या ग्रुपवर टाका. आपल्याला नाही तर शेजारच्याला लागतील.