ठिणग्या मोजणारे डोळे

चमकण्यासाठी इंग्रजीत ‘स्पार्कल’, ‘ग्लिटर’, ‘ट्विंकल’ असे ओळखीचे शब्द आहेत. त्यांच्या मानाने ‘सिंटिलेट’ हे क्रियापद क्वचितच भेटते. एखाद्याचे भाषण ‘सिंटिलेटिंग’ झाले असे कधी वाचनात येते, आणि पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याला पुढे ‘सिंटिलेशन काउंटर’ नावाचे उपकरण भेटते. या दोहोंचा संबंध काय, हे वर्गात सहसा सांगितले जात नाही.

मूळ लॅटिन शब्द ‘सिंटिला’. त्याचा अर्थ ठिणगी. फ्रेंच भाषेत जाताना त्याची अक्षरे उलटीपालटी झाली आणि त्या जुन्या फ्रेंच रूपातून इंग्रजीत ‘टिन्सेल’ हा शब्द आला. टिन्सेल म्हणजे आपली मखराला लावायची बेगड! इंग्रजी कायद्याच्या भाषेत मात्र ‘सिंटिला’ जसाच्या तसा टिकला. ‘सिंटिला ऑफ एव्हिडन्स’ म्हणजे ठिणगीएवढा, तिळमात्र पुरावा. हा अर्थ वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण पुढची सारी हकीकत पुराव्याचीच आहे.

या शब्दाच्या दोन्ही छटा जालना जिल्ह्यात पाहायला मिळतात. जालना शहराच्या औद्योगिक वसाहतीत भंगार वितळवून लोखंडी सळया तयार करणारे कारखाने आहेत. सळई यंत्रावर कापली जाते तेव्हा ठिणग्यांचा फवारा उडतो. शहरापासून दूर, भोकरदन-जाफराबादकडच्या एखाद्या शिवारात हिवाळ्यातल्या रात्री उभे राहिले, तर तारे लुकलुकताना दिसतात. मराठीत ठिणगी उडते आणि तारा लुकलुकतो. इंग्रजी शास्त्रीय परिभाषेत ताऱ्यांच्या लुकलुकण्यालाही ‘सिंटिलेशन’ म्हणतात. ताऱ्याचा प्रकाश कमी-अधिक तापमानाच्या हलत्या हवेतून येताना सतत थोडा थोडा वाकतो, म्हणून त्याची तेजस्विता क्षणोक्षणी बदलते. तारा आपल्याला केवळ बिंदूएवढा दिसतो. ग्रहाची लहानशी तबकडी असते. तिच्या निरनिराळ्या भागांतून येणाऱ्या प्रकाशाचे चढउतार एकमेकांत मिसळून जातात आणि ग्रह बहुधा स्थिर दिसतो.

१९०३ साली विल्यम क्रुक्स यांनी झिंक सल्फाइडचा लेप दिलेला पडदा रेडियमजवळ धरून भिंगातून पाहिला. नुसत्या डोळ्यांना सलग वाटणारा उजेड भिंगाखाली सुट्या सुट्या ठिणग्यांचा निघाला. रेडियममधून बाहेर पडलेला एकेक अल्फा कण पडद्यावर आदळला की एक ठिणगी. अणूच्या पोटातून सुटलेल्या एका कणाची खूण माणसाला प्रथमच डोळ्यांनी दिसत होती. या छोट्या उपकरणाला क्रुक्स यांनी ‘स्पिंथारिस्कोप’ असे नाव दिले. ते ठिणगी या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून घेतलेले आहे.

ठिणग्या दिसतात म्हटल्यावर त्या मोजणे ओघानेच आले. मँचेस्टरला रदरफर्ड यांच्या प्रयोगशाळेत हान्स गायगर आणि विशीतला विद्यार्थी अर्नेस्ट मार्सडेन हे काम करीत. डोळे सरावेपर्यंत अंधारात बसून राहायचे, मग सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा. थोड्याच वेळात डोळे थकत. १९०९ साली त्यांना आढळले, की धातूच्या पत्र्यावर सोडलेल्या सुमारे आठ हजार अल्फा कणांपैकी एखादा चक्क मागे फिरतो. तिथे ठिणगी दिसेल अशी फारशी अपेक्षा नव्हती. पण दिसली, म्हणून नोंदली गेली. तिच्या आधारे १९११ साली रदरफर्ड यांनी अणूला केंद्रक असल्याचे मांडले.

याच पद्धतीची दुसरी बाजू १९२०च्या दशकात व्हिएन्नात दिसली. तिथल्या रेडियम संस्थेतील हान्स पेटरसन आणि गेरहार्ड किर्श यांचे म्हणणे असे, की अल्फा कणांच्या माऱ्याने अनेक मूलद्रव्यांचे केंद्रक फुटते. केंब्रिजच्या शास्त्रज्ञांना मात्र त्यातल्या बऱ्याच मूलद्रव्यांत तसे काही दिसेना. वाद काही वर्षे चालला. डिसेंबर १९२७मध्ये केंब्रिजचे जेम्स चॅडविक स्वतः व्हिएन्नाला गेले. तिथे ठिणग्या मोजण्याचे काम तरुण स्त्रिया करीत आणि कोणत्या मांडणीत किती ठिणग्या अपेक्षित आहेत याची त्यांना कल्पना असे. चॅडविक यांनी मांडणी बदलली, पण काय बदलले हे मोजणाऱ्यांना सांगितले नाही. त्याबरोबर व्हिएन्नाचे पूर्वीचे आकडे मिळेनासे झाले. कोणी लबाडी केली होती असे नव्हे. अंधारात ताणलेल्या डोळ्यांना अंधुक ठिणगी दिसली की नाही अशी शंका असते, आणि अशा वेळी मन अपेक्षेच्या बाजूने कौल देते. अपेक्षा त्या स्त्रियांची नव्हती. ती वरिष्ठांनी त्यांना दिलेली होती.

पुढे डोळ्यांची जागा विजेच्या उपकरणांनी घेतली. १९४७च्या सुमारास हार्टमुट कालमान यांनी नॅप्थलीनमध्ये, म्हणजे डांबरगोळीच्या पदार्थात, उठणाऱ्या ठिणग्या प्रकाशनलिकेने टिपल्या. १९४८ साली रॉबर्ट हॉफस्टॅटर यांनी थॅलियम मिसळलेल्या सोडियम आयोडाइडचा स्फटिक वापरला. थायरॉइडची तपासणी करणाऱ्या रुग्णालयातील गॅमा कॅमेऱ्यातही असा स्फटिक असतो.

पण यंत्र आले म्हणून पाहणाऱ्याची जबाबदारी संपली नाही. १९६७ साली केंब्रिजला अँटनी ह्यूइश यांनी आकाशातील रेडिओस्रोतांची लुकलुक नोंदण्यासाठी मोठी दुर्बीण उभारली होती. तारा आणि ग्रह ओळखण्याचा नियमच इथे रेडिओलहरींना लावलेला होता. स्रोत बारीक असेल, तर सूर्याकडून वाहणाऱ्या विद्युतभारित कणांमुळे तो लुकलुकतो. जोसेलिन बेल ही संशोधक विद्यार्थिनी कागदी पट्ट्यांवरील नोंदी तपासत असे. एका ठिकाणी तिला जेमतेम पाव इंच लांबीची विचित्र खरड दिसली. ती नेहमीची लुकलुक नव्हती आणि पृथ्वीवरचा अडथळाही वाटेना. बेलने ती सोडून दिली नाही. दर १.३३ सेकंदांनी येणारे ते स्पंद म्हणजे पहिला पल्सार होता. पुणे जिल्ह्यातील खोडदच्या महाकाय रेडिओदुर्बिणीतून आज अशा पल्सारांचा अभ्यास चालतो.

आपल्या शाळांतील प्रयोगवह्या या इतिहासाच्या उजेडात पाहाव्यात असे आम्हाला वाटते. बहुतेक वह्यांत उत्तर आधी ठरते आणि निरीक्षणे मागाहून त्याला जुळवून लिहिली जातात. ‘बरोबर’ उत्तराला गुण मिळत असल्याने मुलांचाही त्यात दोष नाही.

यावर एक बिनखर्चाचा प्रयोग सुचवतो. शुक्र किंवा गुरू संध्याकाळी आकाशात असेल अशा दिवसांत मुलांना तो ग्रह, व्याध आणि ब्रह्महृदय हे तीन प्रकाशबिंदू दाखवावेत. कोणता तारा, कोणता ग्रह हे सांगू नये. ‘तारे लुकलुकतात, ग्रह लुकलुकत नाहीत’ हा नियमही आधी सांगू नये. प्रत्येकाने शेजाऱ्याला न विचारता तीन रात्री नोंद करावी : लुकलुकतो का, किती, क्षितिजापासून किती वर असताना. नियम चौथ्या दिवशी वर्गात काढावा.

क्षितिजालगत हवेचा थर जाड असल्याने तिथे ग्रहही थोडा लुकलुकू शकतो. तेव्हा एखाद्या मुलीच्या वहीत ‘गुरू लुकलुकला’ असे लिहिलेले सापडले, तर त्यावर लाल फुली मारण्याआधी तो त्या वेळी क्षितिजापासून किती वर होता, एवढे तिला विचारावे.