अनोळखी परदेशी वाईनची कोंडी

ठाणे, कल्याण, डोंबिवलीत पाटी 'वाईन शॉप'ची असली, तरी आत गिऱ्हाईक मुख्यतः बीअर-व्हिस्कीचे. तेथे अपरिचित परदेशी वाईन रुजविणे कठीणच. दूरचित्रवाणीवर मद्याच्या जाहिरातीस बंदी. शिवाय नाशिकच्या वाईनला राज्याच्या २००१च्या धोरणाने करसवलतीचे बळ दिले. तरीही जानेवारी २०२२मध्ये सुपरमार्केटमधील वाईनविक्रीस मंत्रिमंडळाने मान्यता देताच मोठा विरोध झाला.

खरी अडचण सीमाशुल्काची आहे. २९ डिसेंबर २०२२पासून अमलात आलेल्या ऑस्ट्रेलियाबरोबरच्या करारानुसार, किमान पाच डॉलर आयातमूल्याच्या बाटलीवरील शुल्क १५० टक्क्यांवरून १००वर आले. दहा वर्षांत ते ५० टक्के व्हायचे आहे. त्याहून स्वस्त बाटलीला मात्र सवलत नाही. परिणामी, नवी चव अजमावू पाहणाऱ्या ग्राहकाला पहिला घोटच महाग पडतो.