साडेआठचं माप

तहसील कचेरीच्या आवारात कुंपण घालून ठेवलेला तो बुटका डबा बहुतेकांना पाण्याच्या मीटरचा वाटतो. असतो तो पर्जन्यमापक. त्याचं तोंड जमिनीपासून 30 सेंटिमीटर वर, म्हणजे गुडघ्याच्याही खाली. वर नरसाळं, आत बाटली. सकाळी 8.30 वाजता कुणीतरी येतं, नरसाळं उचलतं, बाटलीतलं पाणी रेघा आखलेल्या काचेच्या नळीत ओततं, वाकून डोळा पाण्याच्या रेषेला आणतं, आकडा वहीत टिपतं आणि पाणी गवतावर फेकतं. कर्जत-खालापुरात ऐन आषाढात नळी एकदा भरून भागत नाही. भरायची, ओतायची, पुन्हा भरायची आणि छत्री मानेत धरून तोंडाने बेरीज करत राहायची.

या डब्याची वंशावळ काढायला बसलं तर आपण थेट कौटिल्यापाशी जाऊन पोचतो. अर्थशास्त्रात पाऊस मोजायला हातभर रुंद तोंडाचं कुंड सांगितलंय. ते ठेवायचं कुठे, तर कोठारात. शेतात नाही, नदीकाठी नाही. कोणत्या मुलखात किती द्रोण पाऊस पडतो, याची यादीही त्यात येते: कोरड्या प्रदेशात 16, अश्मकात साडेतेरा, अवंतीत 23. आणि अपरांतात? अपरांत म्हणजे आपलं उत्तर कोकण. तिथे कौटिल्याने आकडाच घातलेला नाही. अमाप म्हणून मोकळा झालाय. खालापूरच्या माणसाला हे वाचून बरं वाटावं. निदान एका हिशेबनिसाने तरी इथल्या पावसापुढे हात टेकले.

कुंड कोठारात ठेवायचं ही गोष्ट मात्र विसरण्यासारखी नाही. पाऊस मोजला गेला तो बहुतेक वेळा कुणाच्या तरी हिशेबासाठी. कोरियात राजा सेजोंगच्या काळात, 1441च्या सुमारास, मोजपात्रं आली ती पीकपाण्याच्या अंदाजासाठी. इंग्लंडात जॉर्ज सायमन्सने 1860पासून हौशी लोकांचं जाळं विणलं. त्याच्या नावाचं पाच इंची तोंडाचं मापक मग इंग्रजी अमलाबरोबर आपल्याकडच्या कचेऱ्यांत येऊन बसलं. 1864चं कलकत्त्याचं वादळ आणि 1866चा ओरिसातला दुष्काळ यांनी सरकारला हलवलं आणि 1875 साली भारतीय हवामान खातं उभं राहिलं. पण मामलेदार कचेरीतल्या डब्याचं काम ठरलेलं होतं: पीक किती आणे आलं, सारा तहकूब करायचा की वसूल. वादळाचा इशारा द्यायला तो तिथे नव्हताच.

खोपोलीत या वंशावळीला एक वेगळीच फांदी फुटली. डेव्हिड गॉस्लिंग या मुंबईच्या इंजिनिअरची कल्पना अशी की घाटमाथ्यावर चार महिने कोसळणारं पाणी तलावांत अडवायचं आणि उरलेले आठ महिने जपून खाली सोडायचं. टाटांनी 1910 साली कंपनी काढली. लोणावळा, वळवण आणि शिरवता हे तलाव बांधले. 1915 साली खोपोलीच्या केंद्रातून वीज निघाली आणि मुंबईच्या गिरण्यांकडे गेली. तलावातलं पाणी पाचशे मीटरहून अधिक खाली पडून जनित्र फिरवतं. अशा कारभारात पाऊस म्हणजे कच्चा माल. तो किती आला हे कळल्याशिवाय मे महिन्यापर्यंत पुरवायचा कसा? लोणावळ्याला किती पाऊस झाला, हा टाटांच्या नोंदीतला आकडा आजही पावसाळ्यात वर्तमानपत्रात येतो. पुढे 1922 साली कर्जत तालुक्यात भिवपुरीचं केंद्र सुरू झालं. वरचा आंध्रा नदीच्या खोऱ्यातला पाऊस वीज देऊन खाली आला की त्यातलं पाणी राजनाला कालव्याने कर्जतच्या शेतांत जातं आणि लोक उन्हाळी भात घेतात. खोपोलीत सुटलेलं पाणी पाताळगंगेतून रसायनीच्या कारखान्यांपर्यंत पोचतं. घाटाखालच्या ज्या वाड्यांवर एप्रिल उजाडला की हंडे टँकरची वाट बघत बसतात, त्या याच पाण्याच्या शेजारी आहेत. पण ते दुखणं वेगळं.

आता डब्याच्या आतली सुधारणा. क्रिस्टोफर रेन, लंडनचं सेंट पॉल्स बांधणारा तो, यानेच सतराव्या शतकात आपोआप उलटणाऱ्या बादलीची युक्ती काढली. आजच्या स्वयंचलित मापकात तीच आहे, फक्त बोटभर. नरसाळ्याखाली दोन चिमुकल्या पळ्या लहान मुलांच्या सीसॉसारख्या बसवलेल्या असतात. एक भरली की कलते, पाणी सांडते आणि दुसरी नरसाळ्याखाली येते. दर कलण्यागणिक एक चुंबक स्विचसमोरून सरकतो आणि टिक् अशी एक नोंद होते. मापक अर्ध्या मिलिमीटरचं असेल तर दोन टिक् म्हणजे एक मिलिमीटर. आत सिमकार्ड, वर सौरपट्टी. आकडे आपले आपण सर्व्हरवर जातात. माणूस नको, वही नको, साडेआठची वाट बघायला नको.

अडचणीही तशाच घरगुती. नरसाळ्यात पानं अडकतात, पक्षी शिटतात, कुंभारीण माशी घर करते. श्रावणात सौरपट्टीला ऊन मिळत नाही. आणि कोकणी पाऊस भरात आला की पळी कलत असतानाही वरून धार चालूच असते. तेवढं पाणी मोजणीतून निसटतं. म्हणजे जितका पाऊस मोठा तितकं माप खोटं, तेही कमीच्या बाजूने. कौटिल्याने सोडून दिलं ते शहाणपणाचंच होतं, असं कधी कधी वाटतं.

राज्य सरकारने 2017पासून ‘महावेध’ प्रकल्पात स्कायमेट या कंपनीमार्फत महसूल मंडळनिहाय अशी केंद्रं उभारली. राज्यभरात दोन हजारांहून जास्त. दर दहा मिनिटांनी माहिती देणारं हे जाळं. आणि त्याचा मोठा उपयोग कशासाठी? पीकविम्यासाठी. मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी, हा नुकसानभरपाईचा सरकारी निकष. खालापुरात आषाढात 65 मिलिमीटर म्हणजे लावणीला बरा दिवस. माप बदललं, तार गेली, सिमकार्ड आलं. कुंड मात्र अजून कोठाराच्या दारातच आहे.

याच खालापुरात 19 जुलै 2023च्या रात्री अकराच्या सुमारास इर्शाळगडाच्या उतारावरची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. ठाकूर समाजाची चाळीस-पन्नास घरं. वर जायला रस्ता नव्हता, चिखलाची चढण. यंत्रं चढेनात, म्हणून फावडी आणि माणसंच वर गेली. 27 मृतदेह हाती लागले, 57 जण सापडले नाहीत. तीन दिवसांत त्या परिसरात 499 मिलिमीटर पाऊस झाल्याचं विधानसभेत सांगण्यात आलं. वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, हेही तिथेच कळलं. 499 मिलिमीटर म्हणजे गुंठाभर जमिनीवर सुमारे 50 हजार लिटर पाणी, दहा हजारी पाच टँकर. गुंठ्यागुंठ्याला पाच टँकर, त्या उतारावर.

दरडीला पाऊस किती पडला यापेक्षा तो मातीत किती मुरला हे जास्त महत्त्वाचं. केरळात मुन्नारजवळच्या डोंगरावर अमृता विद्यापीठाने 2009च्या सुमारास उपकरणं थेट जमिनीत पुरली: मातीच्या छिद्रांतल्या पाण्याचा दाब सांगणारी, माती कलली की कळवणारी, एकमेकांना बिनतारी जोडलेली. त्यांच्या आधारे तिथे वेळेवर इशारेही दिले गेले. पर्जन्यमापकाचं हे नातवंड आजोबांसारखं आकाशाकडे बघत नाही, पायाखाली बघतं. पुणे जिल्ह्यातलं माळीण गाव 2014 साली दरडीखाली गेलं तेव्हा असं काहीच नव्हतं; जगाला कळलं ते एसटीच्या चालकाला नेहमीच्या जागी गाव दिसलं नाही म्हणून.

पावसाचा सरकारी दिवस साडेआठ ते साडेआठ. त्यामुळे 19 तारखेच्या त्या रात्रीचा पाऊस 19च्या खात्यात नाही. तो 20 जुलैच्या सकाळी मोजायचा, 20च्या रकान्यात लिहायचा आणि नळीतलं पाणी गवतावर फेकायचं.