अनुरूपतेचे कोष्टक : विश्वरचनेपासून शब्दकोशापर्यंत

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटन व अमेरिकेत ‘विचक्राफ्ट’ ह्या नावाने जी स्वेच्छेने स्वीकारलेली उपासना रूढ झाली, तिच्या नवसाधकाच्या हाती आरंभीच एक कोष्टक पडते. रंग, वनस्पती, धातू, ग्रह, वार आणि हेतू ह्यांच्या जोड्या त्यात लावलेल्या असतात. मराठीतील ‘चेटूक’ ह्या शब्दात दुसऱ्याला अपाय करण्याचा जो अर्थ आहे, तो येथे अभिप्रेत नाही. हे कोष्टक वरवर पाहता पुरातन श्रद्धेचा अवशेष वाटते. परंतु त्याचा इतिहास हा प्रतीकाविषयीच्या बदलत्या धारणांचा इतिहास आहे, आणि म्हणून साहित्यविचारालाही तो परका नाही.

फिचीनोच्या 1489 मधील आणि आग्रिपाच्या 1533 मध्ये पूर्ण प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत सूर्य, सोने, सिंह आणि सूर्याकडे वळणारी फुले एकाच साखळीत येतात. ही साखळी माणसाने कल्पिलेली नसून सृष्टीतच ओवलेली आहे, ही त्यामागची श्रद्धा. साम्य हाच त्या काळच्या ज्ञानाचा पाया होता, असे फूकोने 1966 मध्ये दाखवले, ते ह्याच अर्थाने. तेथे प्रतीक ‘वापरले’ जात नाही, वाचले जाते.

सतराव्या शतकात हा पाया खचू लागला, तरी कोष्टक टिकले. निकोलस कल्पेपरने 1652 मध्ये सामान्य जनांसाठी लॅटिनऐवजी इंग्रजीत वनौषधींचा ग्रंथ लिहिला आणि वनस्पती ग्रहांच्या अधिपत्याखाली मांडल्या. त्यात रोझमेरी सूर्याच्या वाट्याला आली. विद्वानांचे विश्वज्ञान येथे गृहोपयोगी झाले.

पुढचे वळण लंडनचे. 1888 मध्ये स्थापन झालेल्या ‘गोल्डन डॉन’ ह्या गूढविद्यामंडळात अनुरूपतांचा अभ्यास हा दीक्षेचा भाग होता. त्याच मंडळाच्या सामग्रीवर आधारलेले क्राउलीचे ‘777’ हे कोष्टकांचे पुस्तक 1909 मध्ये निघाले. 1890 मध्ये मंडळात दाखल झालेल्या येट्सने 1901 च्या ‘मॅजिक’ ह्या निबंधात प्रतीकांनी जागी होणाऱ्या एका महास्मृतीची कल्पना मांडली. प्रतीकाचे अधिष्ठान आता आकाशातून स्मृतीत सरकले. आधुनिक काव्यातील प्रतीकवाद आणि जादूचे कोष्टक ह्यांची इतकी जवळीक पुन्हा क्वचितच झाली.

ब्रिटनमधील 1735 चा विचक्राफ्टविषयक कायदा 1951 मध्ये रद्द झाला. 1954 मध्ये गार्डनरचे ‘विचक्राफ्ट टुडे’ आले. तेथे अजून दीक्षा व मंडळ ह्यांना महत्त्व होते. अमेरिकेतील स्कॉट कनिंगहॅमने 1988 च्या पुस्तकात एकट्या साधकाला उपासना खुली केली. त्याच्याच 1985 च्या वनस्पतिकोशात रोझमेरी पुन्हा सूर्याची आहे. शिवाय फ्रँकिन्सेन्स हा धूप नसेल तर तिने काम भागते. हा पर्याय मोलाचा आहे. एका पदाच्या जागी दुसरे पद ठेवता येते, तेव्हा विश्वरचनेचे व्याकरण झालेले असते. फ्रेझरने सांगितलेल्या जादूच्या दोन प्रकारांचे नाते याकोबसनने 1956 मध्ये भाषेच्या दोन अक्षांशी जोडले होते. नवसाधकाचे कोष्टक त्याला जणू पुष्टीच देते.

परंतु व्याकरण स्वतःचा जन्म लपवते. परंपरेत हिरवा रंग शुक्राचा मानला गेला. अमेरिकी पुस्तिकांत मात्र हिरवी मेणबत्ती धनासाठी लावली जाते. 1861 पासून चलनात आलेल्या हिरव्या छपाईच्या नोटा आठवल्या म्हणजे ह्या ‘सनातन’ अनुरूपतेचे वय ध्यानात येते. ती सृष्टीने दिलेली नाही, बाजाराने दिलेली आहे. म्हणून ती खोटी ठरत नाही. ती ऐतिहासिक ठरते. अनेक आधुनिक लेखक साधकाला स्वतःचे कोष्टक रचण्यास सांगतात, त्यात हीच अप्रकट कबुली आहे.

येथे मर्ढेकरांच्या भावनानिष्ठ समतानतेचे स्मरण उद्बोधक ठरेल. भिन्न संवेदनांना भावनेच्या द्वारा एकत्र आणणारी ती समतानता त्या कवितेतच सिद्ध होते. कवितेबाहेर तिची यादी करता येत नाही. कोष्टक नवख्याला आधार देते, कारण अर्थ आधीच ठरलेला असतो, आणि नेमक्या त्याच कारणाने ते प्रतीकाला संकेताच्या पातळीवर उतरवते. कवितेतील प्रतिमांच्या ठरीव अर्थांच्या याद्या करणारी समीक्षाही नकळत ह्याच वाटेने जाते. फिचीनोला सृष्टी वाचायची होती. यादी करणाऱ्या समीक्षकाला वाचण्याचे कष्ट टाळायचे असतात.