छिन्नी कुणाच्या हातात

जून १९०८, लंडन. उघड्या टपाच्या बसमध्ये तुम्ही वर बसलाय. स्ट्रँडवर एगर स्ट्रीटचा कोपरा येतो तसे आजूबाजूचे लोक माना वर करून उठतात. तुम्हीही उठता. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनच्या नव्या इमारतीवर, परांचीआडून, दगडातले उघडे देह डोकावताहेत. एकूण १८. त्यांत एक आई आहे, अर्भक हातात धरलेली एक सुरकुतलेली म्हातारी आहे. परीकथेतलं कुणीच नाही. शिल्पकार जेकब एपस्टाइन, न्यूयॉर्कहून आलेला, अवघा २७ वर्षांचा.

नेमकं समोरच नॅशनल व्हिजिलन्स असोसिएशनचं कार्यालय! नीतिरक्षकांनी खिडकी उघडावी आणि हे दिसावं. वर्तमानपत्रं पेटतात. शेवटी स्टेपनीचे बिशप स्वतः शिडी चढून पाहणी करतात आणि अश्लील काही नाही म्हणून सांगतात. मूर्ती वाचतात.

आता मार्च १९१५. युद्ध चालू आहे. गूपिल गॅलरीत शिरता आणि पाऊल थबकतं. खडक फोडायचं खरंखुरं ड्रिल, सेकंडहँड घेतलेलं, तिवईवर उभं. त्यावर स्वार झालेली प्लास्टरची पांढरी आकृती. चोचीसारखं शिरस्त्राण, उघड्या फासळ्या, आणि पोटात चक्क एक गर्भ. पुढे ब्रिटिश शिल्पकलेचा चेहरा बनणारा हेन्री मूर, खाणकामगाराचा मुलगा, आज १६ वर्षांचा आहे. जूनमध्ये एपस्टाइनचा तरुण समकालीन शिल्पकार गोदिए-ब्झेस्का फ्रान्समध्ये आघाडीवर मरतो, वय २३.

पुढच्या वर्षी पुन्हा या. ड्रिल नाही, पाय नाहीत, हात तोडलेले. उरलंय धातूत ओतलेलं धड. एपस्टाइननं स्वतःच छाटलंय. मूरच्या गोलाईदार बायकांपेक्षा या कापाकापीत मला ब्रिटिश शिल्पकलेचं नवेपण जास्त ठसठशीत दिसतं. यंत्राच्या प्रेमात पडलेला माणूस युद्धानंतर नव्हे, युद्ध चालू असतानाच शहाणा झाला.

१९३७. तोच स्ट्रँडचा कोपरा, पुन्हा परांची. इमारत आता सदर्न ऱ्होडेशिया सरकारची. एका मूर्तीचा तुकडा खाली पडला, म्हणून चेहरे, हात, पाय, जे जे पुढे आलंय ते तासून काढायचं ठरलंय. दगडाची धूळ तुमच्या टोपीवर उतरते. ५६ वर्षांचा एपस्टाइन विरोध करतो. छिन्नी मात्र यावेळी त्याच्या हातात नाही. वाटसरूंच्या सुरक्षिततेसाठी, असं कारण दिलं जातं. नीतीचं नाव या खेपेला कुणीच काढत नाही.