घोडागाडीत मावेना एक कणीस!

आज आधी एक फोटो डोळ्यांसमोर आणा. मातीच्या रस्त्यावर एक घोडागाडी उभी आहे. गाडीत माल किती? मक्याचं एक कणीस. एकच! तेही गाडीत मावत नाहीये, मागून बाहेर आलंय. शेजारी शेतकरी उभा आहे, एकदम गंभीर चेहऱ्यानं, जणू काही हे रोजचंच. आणि फोटोखाली ओळ आहे, ‘आमच्याकडे असंच पिकतं’ अशा अर्थाची.

तुम्ही म्हणाल, एआयनं केलं असणार. नाही हो! ही गंमत शंभर वर्षांहून जुनी आहे. अमेरिकेच्या कॅन्सस राज्यात ओटावा नावाचं एक छोटं गाव आहे. तिथे विल्यम मार्टिन नावाचा फोटोग्राफर होता, लोक त्याला ‘डॅड’ मार्टिन म्हणायचे. गावातल्या लोकांचे फोटो काढता काढता १९०८ च्या सुमारास त्यानं ही असली पोस्टकार्डं काढायला सुरुवात केली. गाडीभर एवढाले कांदे-बटाटे, माणसापेक्षा मोठे मासे, घोड्याएवढे ससे. आपल्याकडे म्हणतात ना, आठ हात लाकूड आणि नऊ हात ढलपी, तोच प्रकार. तिकडे अशा थापांना ‘टॉल टेल’ म्हणतात, म्हणून ही ‘टॉल टेल’ पोस्टकार्डं.

आता हे करायचे कसे? कात्री आणि गोंद! आधी गाडीचा आणि माणसांचा एक फोटो काढायचा. मग कणसाचा अगदी जवळून दुसरा फोटो काढायचा आणि तो मोठा करून छापायचा. त्यातलं कणीस कात्रीनं कापून पहिल्या फोटोवर चिकटवायचं. कडा ब्रशनं रंगवून लपवायच्या. सावली नीट पडली पाहिजे, नाहीतर लगेच कळतं. मग या चिकटवलेल्या चित्राचाच पुन्हा एक फोटो काढायचा आणि त्याच्या हव्या तेवढ्या प्रती काढायच्या. तिकडे विस्कॉन्सिन राज्यातल्या वॉपन गावात आल्फ्रेड स्टॅन्ली जॉन्सन हेच करत होता. त्याच्या फोटोंमध्ये घरचीच माणसं आणि मित्रमंडळी पोज देऊन उभी असायची.

ही कार्डं एवढी चालली का? त्याला कारण पोस्टखातं. पूर्वी खेड्यातल्या शेतकऱ्याला पत्र आणायला गावात जावं लागायचं. १८९६ पासून शेतावरच्या घरापर्यंत टपाल पोचवायला सुरुवात झाली. पोस्टकार्ड पाठवायचा खर्च फक्त एक सेंट. आधी पत्त्याच्या बाजूला मजकूर लिहायला बंदी होती, त्यामुळे जे काय लिहायचं ते चित्राच्या कडेला कोंबावं लागायचं. १९०७ मध्ये ती बंदी उठली आणि चित्राला अख्खी बाजू मोकळी मिळाली. जून १९०८ ला संपलेल्या एका वर्षात अमेरिकेत सुमारे ६८ कोटी पोस्टकार्डं टपालात पडली. आणि देशाची लोकसंख्या किती? नऊ कोटीसुद्धा नव्हती! आजच्या भाषेत, गुड मॉर्निंग मेसेजचा पूर.

पण एवढ्या कोरड्या मुलखातल्या लोकांना एवढ्या मोठ्या कणसांचंच हसू का यावं? खरी गोष्ट इथे आहे.

१८६२ च्या होमस्टेड कायद्यानं सरकारनं सांगितलं, पाच वर्षं राहा, जमीन कसा, १६० एकर तुमची. (ही जमीन मुळात तिथल्या आदिवासी जमातींकडून घेतलेली होती, हेही लक्षात ठेवा.) रेल्वे कंपन्यांकडेही विकायला अफाट जमीन होती. त्यांनी जाहिराती छापल्या: सोन्यासारखी माती, वाट्टेल ते पिकवा. ‘नांगर जिथे जातो, तिथे पाऊस मागोमाग येतो’ हेसुद्धा तेव्हा शास्त्र म्हणून सांगितलं जायचं. लोकांनी विश्वास ठेवला. घरदार विकून आले.

आणि मग १८७४ उजाडलं. टोळधाड आली. टोळांनी पीक खाल्लं, वाळत घातलेले कपडे खाल्ले, अवजारांचे लाकडी दांडे कुरतडले. रुळांवर इतके टोळ चिरडले गेले की रूळ बुळबुळीत होऊन आगगाड्या अडल्या. हे मात्र पोस्टकार्ड नाही बरं का, हे खरं घडलेलं आहे. पुढे १८९० च्या दशकात दुष्काळ पडला. बिऱ्हाड गुंडाळून परत निघालेल्या लोकांच्या गाड्यांवर लिहिलेलं असायचं, ‘देवावर भरवसा ठेवला आणि कॅन्ससमध्ये बुडालो’ अशा अर्थाचं.

आता ते कणीस पुन्हा बघा. जाहिरातीनं जी थाप गंभीरपणे मारली होती, तीच थाप या लोकांनी आणखी फुगवून, डोळा मारत परत मारली. मागे राहिलेल्या नातेवाइकांना ते जणू सांगत होते, ‘हो हो, जाहिरातीत होतं ना, अगदी तसंच आहे इथे!’ त्यात थोडा अभिमानही होता, कारण ज्या वर्षी पाऊस पडायचा, त्या वर्षी पीक खरंच भरघोस यायचं.

मार्टिननं १९१२ मध्ये हा धंदा विकून टाकला. पण कॅन्ससमधली ही खोड मोडली नाही.

१९३५ साल. पाऊस नाही, मातीची वादळं, १४ एप्रिलला तर भरदिवसा अंधार झाला. नैर्ऋत्य कॅन्ससमधल्या गार्डन सिटीत फ्रँक कोनार्ड नावाचा फोटोग्राफर होता. नाकतोड्यांचा थवा गावावर आला आणि त्यानं कात्री उचलली. या वेळी कणीस मोठं केलं नाही. कणीस होतंच कुठे? त्यानं नाकतोडा मोठा केला. घोड्याएवढा नाकतोडा आणि शेजारी बंदूक घेतलेला शिकारी! लोकांनी ही कार्डंसुद्धा विकत घेतली आणि नातेवाइकांना पाठवली. ज्यानं पीक खाल्लं, त्याच्यावरच हसले.

आज आपल्या फोनवर रोज खोटे फोटो येतात. फरक एकच आहे. त्या कार्डावरचं कणीस खोटं आहे हे पाठवणाऱ्याला माहीत होतं आणि घेणाऱ्यालाही. फसवलं कुणालाच जात नव्हतं. फसवणूक झाली होती ती आधीच, त्या गंभीर जाहिरातीत, आणि तिच्यात फोटोची कुठलीच करामत नव्हती.

तेव्हा पुढच्या वेळी ‘एवढा मोठा भोपळा’ असा फोटो आला, तर हसा बिनधास्त. पण ‘गुंतवा, दुप्पट होईल’ असं कुणी अगदी गंभीर चेहऱ्यानं सांगायला लागलं, तर गाडीतलं ते कणीस आठवा.

भेटूया पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा!