उन्हाळा, गच्ची आणि पुण्याची वीस इंची दुर्बीण

मे महिन्यात वसई-विरारच्या गच्चीवरून ग्रहांचे फोटो काढणं म्हणजे पेटलेल्या चुलीपलीकडची पाटी वाचणं. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडतो, आणि दुर्बिणीतला गुरू पाण्यातल्या नाण्यासारखा थरथरतो. मग कुणीतरी सुचवतंच, "मोठी दुर्बीण घे ना!"

मोठीची गोष्ट ऐका. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये (म्हणजे आपलं सीओईपी) १८८८ च्या सुमारास महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली. भावनगरच्या महाराजांची देणगी, आणि डब्लिनच्या ग्रब कंपनीची २० इंची दुर्बीण, तेव्हा भारतातली सर्वांत मोठी! हा सगळा खटाटोप कावसजी दादाभाई नायगामवाला या पारशी प्राध्यापकांचा. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाला ते जेऊरला तुकडी घेऊन गेले होते. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद पडली आणि दुर्बीण कोडाईकनालच्या डोंगरावर गेली.

कागदावर २० इंची आरसा ६ इंचीच्या तिपटीहून बारीक तपशील दाखवतो. पण हवा खवळलेली असली की दोघांचंही चित्र सारखंच पुसट. न्यूटनने १७०४ मध्येच लिहून ठेवलं होतं, की यावर उपाय एकच, उंच डोंगरावरची शांत हवा. त्यात जुन्या काचेच्या प्लेटला बराच वेळ प्रकाश द्यावा लागे, म्हणजे तेवढ्या वेळातली सगळी थरथर एकाच फोटोत!

१९७८ मध्ये डेव्हिड फ्राइडने गणित मांडलं, की अगदी छोट्या एक्स्पोजरमध्ये हवा क्षणभर स्थिर सापडण्याची शक्यता किती. २००० च्या आसपास स्वस्त वेबकॅम आले आणि हौशी लोकांनी तेच केलं. व्हिडिओ घ्यायचा, हजारो फ्रेम्समधून चांगल्या निवडायच्या, एकमेकींवर रचायच्या. सॉफ्टवेअर फुकट.

म्हणून आज ६ इंची दुर्बीणही गुरूचे पट्टे छान टिपते. फक्त ती स्लॅबऐवजी मातीवर ठेवा, तासभर निवू द्या, आणि मध्यरात्रीनंतर ग्रह डोक्यावर असताना बसा.

मला मात्र फरक वेगळाच वाटतो. पुण्याची वेधशाळा एका माणसाच्या नोकरीएवढीच जगली. ही युक्ती हजारो लोकांकडे आहे, कुणी निवृत्त झालं म्हणून ती बंद पडणार नाही.